बरं वाटतंय ना, काका?

माझ्या प्रबंधात किस्सा आला की गाईड तो उडवतात. "यात डेटा कुठेय?" म्हणतात. गल्लोगल्ली मोठे डॉक्टर असलेल्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालते. तिथे पेशंट आणि डॉक्टर एकमेकांशी कसे बोलतात, हा माझा विषय. डेटा मूठभर, उडवलेले किस्से पोतंभर!

त्यातले निम्मे नंदनवनच्या नामदेवकाकांचे. हृदय कमजोर, जरा चाललं की दम लागायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मुलाखत घेतली.

"डॉक्टर नाही, दवाई देत नाही, मंग करता काय, मॅडम?"

"मी ऐकते."

"मंग बसा. ते काम इथं कोणीच करून नाही राहिलं!"

*

चाचणीला संमती घेताना कॅमेरा लावतात. काका हिरमुसले. "आधी सांगतलं असतं त कटिंग करून आलो असतो ना!"

मग सिस्टरनं समजावलं, की निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. कोणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"डॉक्टरलेबी मालूम नाही? मंग धंतोलीत आलो काहून!"

सही मात्र केली.

*

दर भेटीत सिस्टर विचारायची, "बरं वाटतंय ना, काका?" नाही म्हटलं असतं तर तपासण्या झाल्या असत्या, चाचणीतून काढून नेहमीचे उपचार मिळाले असते. काका म्हणायचे, "एकदम बरं!" त्याआधी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे आणि धाप ओसरली की मगच आत जायचे.

"साहेबासमोर हापत जाणं बरं दिसते का?"

*

एकदा सुशीलाकाकूंनी माझ्यासमोरच त्यांना झापलं. "रात्रभर बसून काढता. सांगा ना त्या सिस्टरले खरं!"

"पोरगी इतक्या मायेनं इचारते वं. तिले नाही कसं म्हनू?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "मरान, तरी बरं हाये म्हनान तुमी!"

तिघंही हसलो.

*

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी काकांना आत बोलावून विचारलं. काका ताठ बसले. "मॅडमचा जीव हळवा हाये, उगाच घोर करतात. मी त ठणठणीत!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, पेशंटचं ऐकत जा, हे तुम्हीच आम्हाला सांगता. आता त्याचं ऐकू की तुमचं?"

मी वही मिटली. एवढी पुस्तकं वाचून काय दिवे लावले मी?

*

काका एका सकाळी गेले. चहा मागितला होता, तो तसाच राहिला.

मी नंदनवनला भेटायला गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर हार घातलेला फोटो. तेवढ्यात काकांचा मोबाईल वाजला. काकूंना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. चाचणीच्या खोलीतून फोन होता. मुलगी नवीन होती, बातमी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"नमस्कार! नामदेवकाका कसे आहेत? बरं वाटतंय ना त्यांना?"

काकूंनी फोटोकडे पाहिलं. पदर सावरला.

"एकदम बरं हाये त्यायले," त्या म्हणाल्या. "तू जेवली का वं, बाई?"