खाजा मियांचा बारीक नळ

हट्टा गावात खाजा मियांनी शुद्ध पाण्याचा प्लांट टाकला, तेव्हा त्यांचा रुबाब असा, की जणू यापुढे पाऊससुद्धा त्यांना विचारून पडणार. दाढी रंगवून त्यांनी जमलेल्यांना सांगितलं, "घागर लावा, डोळा मिटा, उघडा, भरलेली. थांबायची तकलीफच न्हाई."

खरं तर प्लांट काढला होता बायकोसाठी. हापशाच्या जड पाण्यानं शहनाजला मूतखडा झाला, ती रात्रभर कळवळायची आणि मिया नुसते तिचे पाय चेपत बसायचे.

आणि हीच शहनाज रोज सकाळी प्लांटसमोरून घागर घेऊन थेट हापशावर जायची. सगळ्या गावादेखत.

"मालकीणच हापशाचं पिऊन राहिली," शेजारचे किराणावाले अमृतराव म्हणाले, "मग आमी काहून इकत घ्यावं?"

गिऱ्हाईक गळायला लागलं. मियांनी शहनाजला पाण्याचा तपासणी अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला. ती भाकरी थापत राहिली. शेवटी ते काकुळतीला आले. "त्या हापशाच्या पाण्यात असं हाय तरी काय?"

"पाण्यात काय न्हाई. तिथं रुक्माबाई असते. तिची लेक पल्लवी बाळंत झाली, मला तिथंच कळलं. तुमच्या नळाला सलाम करंस्तोवर घागर भरते. मग मी बोलू कवा?"

इतक्या वर्षांच्या संसारात आपणच बोलत आलो आणि ही हापशावर जाऊन बोलत आली, हे मियांना आज उमगलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लांटच्या सावलीला बाकडं टाकलं, आणि इकडंतिकडं बघून नळाचा कॉक असा पिळला, की धार सुतळीएवढी झाली.

"बिघडलं का काय?" अमृतरावांनी विचारलं.

"शुद्ध व्हायला टाइम लागतो," मिया चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले. "घाई असंल तर भरलेला जार न्या."

शहनाज आली ती रुक्माबाईला घेऊनच. पल्लवीच्या बाळाचं नाक कुणावर गेलं, इथून सुरुवात झाली. हळूहळू आणखी बाया बाकड्यावर दाटीवाटीनं बसल्या. मियांनी पेला भरून बायकोपुढं धरला. तिनं घोट घेतला, जरा विचार केला.

"फिकं हाय," म्हणाली, आणि सगळा पेला पिऊन पुन्हा पुढं केला.

तेवढ्यात घागर काठाला आली.

"ऐका," शहनाज म्हणाली, "नळ अजून थोडा बारीक करा. रुक्माबाईचं निम्मंच सांगून झालंय."