गौराक्काची हाक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, देवापुढं नाही. आणि आज बोलतेय तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते होणार नाही, मला माहीत आहे.

आधी एक स्पष्ट करते. मला माझ्या संगीताची लाज वाटत नाही. उदगीरच्या एका भुसार दुकानदाराच्या मुलीनं, दुकानाच्या माडीवर, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, सिनेमाच्या ट्रेलरसाठी आणि लढाईच्या व्हिडिओ गेमसाठी संगीत केलं. शंभर व्हायोलिनी, पितळी तुताऱ्या, छातीत घुमणारे ढोल — सगळं एका कॉम्प्युटरवर. परदेशातली एक कंपनी असं तयार संगीत साठवून ठेवते, ज्याला लागेल तो तिथून उचलतो. गल्लीला वाटायचं, पोरगी लगीन टाळून खोलीत बसून राहिली. वाटू दे. ते ढोल माझे आहेत, एकेक ठोका माझा आहे. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

पण त्यातला आवाज माझा नाही.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, कधी येईल त्याचा नेम नाही. समोरच्या घरात गौराक्का राहायची — एकटी, ब्लाउज शिवायची. मशीन दारातच असल्यामुळं वळणावरचा टँकर तिला सगळ्यांच्या आधी दिसायचा. मग ती हाक द्यायची : ‘आलाऽऽऽ!’ एकच शब्द. पण त्यातला तो शेवटचा ‘आ’ — वर वर चढायचा, फाटायचा, आणि फाटूनही तुटायचा नाही. अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची.

मी ती हाक गॅलरीतून रेकॉर्ड केली. चोरून? हो, चोरूनच. तिचा वेग कमी केला, शब्द पुसला, नुसता ‘आ’ ठेवला, खाली व्हायोलिनी लावल्या. ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला. एवढं चांगलं मी आधी कधी केलं नव्हतं. नंतरही नाही.

कंपनीनं विचारलं, आवाज कुणाचा? दुसऱ्याचा असेल तर त्याची सही पाठवा. गौराक्काचं दार माझ्या दारापासून सहा पावलांवर. तिनं हसत सही केली असती. मग मी का गेले नाही? कारण मी कंपनीला सांगून ठेवलं होतं की मी मुंबईत राहते, मोठ्या स्टुडिओत काम करते. त्या भव्य संगीताच्या मधोमध उदगीरची एक शिंपीणबाई टँकर आल्याचं ओरडतेय — हे मला सांगायचं नव्हतं. मी लिहिलं, आवाज माझाच.

इथवर नुसती चोरी होती. चोरी एक वेळ पचली असती.

एक दिवस गौराक्का जिना चढून आली. गळ्यात मापाचा टेप तसाच. धापा टाकत, डोळे चमकत. टीव्हीवर एका सिनेमाची जाहिरात लागली होती.

“मंगे, अगं टीव्हीत मी वरडायलेय की!”

एका क्षणात सांगता आलं असतं. मी म्हणाले, “न्हाई अक्का. तो कॉम्प्युटरचा आवाज हाय. माणसाचा न्हाईच.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “आसं व्हय. येडी मी.”

पण तिला राहवेना. पुढच्या टँकरला तिनं बायकांना सांगितलं, टीव्हीत आपला आवाज येतो म्हणून. बायका हसल्या. एकीनं मलाच विचारलं, “खरं का गं मंगल? तूच करतीस ना ती गाणी?” सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. गौराक्काही बघत होती — कशी, ते मी सांगू शकत नाही. मी म्हणाले, “न्हाई बाई.” आणि घागर उचलली.

त्या दिवसापासून तिचं नाव ‘टीव्हीवाली’ पडलं. पुढचा टँकर आला तेव्हा ती दारातच होती, तिला दिसलाही होता. तिनं हाक दिली नाही. निम्म्या गल्लीला पाणी मिळालं नाही.

मग उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा निघाला. पोरांनी इंटरनेटवरून माझंच संगीत उचललं होतं, मला न विचारता. भोंग्यांतून तो ‘आ’ गल्लीभर दणाणत गेला. मी गॅलरीत होते. खाली गौराक्कानं मशीन थांबवलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

महिन्याभरानं ती पुन्हा वर आली. लातूरला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आली होती.

“कान चांगले हायत म्हणला,” ती म्हणाली. “मंग डोस्क्यातच कायतरी बिघडलं म्हण की.” आणि हसली. मला बरं वाटावं म्हणून हसली.

मी चहा केला. तिनं तो प्यायला, कप विसळून ठेवला आणि जिना उतरून गेली.

आता ती नायगावला लेकीकडं असते. टीव्ही लागला की उठून बाहेर जाऊन बसते, असं लेक सांगते. म्हातारपण, म्हणते.

म्हातारपण नाही. तिचे कान चांगले होते, डोकं चांगलं होतं, आणि तो आवाज तिचाच आहे. कपात चहा ओतताना मला हे सगळं ठाऊक होतं.