मिठाला निघालेली बाई

खेळ सुरू करण्याआधी काकू उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला, बघू तर काय काय मांडून ठेवलंय."

डावा हात तेव्हा माझ्या ताब्यात असायचा. त्यात दोन जाड सुया, सुयांना नळ्या, नळ्यांमागे रक्त धुणारं मशीन. मी सात रस्त्याजवळच्या एका डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ आहे. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास माणसं आमच्या खुर्च्यांना जखडलेली असतात. तुम्ही कधी अशा खोलीत बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल, तिथं कुणी कुणाशी फार बोलत नाही. सगळे घड्याळाकडे बघत बसतात.

काकू करकंबच्या. पन्नाशी ओलांडलेल्या. चाळीसेक वर्षं गावातल्या बायकांची पोलकी आणि परकर शिवलेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटेच्या एस.टी.नं यायच्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं त्यांना मालिका बघायला एक टॅब घेऊन दिला होता. पण मालिकांचा त्यांना कंटाळा आला. "सगळ्याजणी नुसत्या भांडत्यात. दुसरं काय हाय का तुझ्याकडं?"

मी स्वतः खेळवेडा. म्हणून गंमत म्हणून त्यांच्या टॅबवर एक व्हिडिओ गेम घालून दिला. एका अंगठ्यानं खेळता येईल असा. डोंगरातली एक बाई, तिच्याबरोबर एक गाढव, पाठीवर रिकाम्या गोण्या. गावातलं मीठ संपलंय, ते आणायला समुद्रापर्यंत चालत जायचं. मी तो दोन संध्याकाळींत संपवला होता आणि मित्रांना सांगितलं होतं, ठीक आहे, जरा संथ आहे.

पहिल्या दिवशी चार तासांत काकू गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंतच पोहोचल्या. मी मशीनवरचा दाब बघायला गेलो तर टॅब नाकाजवळ धरून बसलेल्या.

"काकू, पुढं जायचं. तो बाण दिसतोय ना, तिकडं."

"आरं थांब की. घेर बघ तिचा."

"कसला घेर?"

"घागऱ्याचा. ओढ्यातनं आली तर नुसता काठ भिजलाय. आन आता चालती तशी वाळायलाय. बघ, हितनं वाळला, हितनं अजून ओला हाय." मग जराशानं, अगदी हळू आवाजात, "हे इतकं कुणी शिवलं असंल रे?"

मी वाकून बघितलं. खरंच काठ वाळत होता. त्या ओढ्यातून मी धावत गेलो होतो.

त्यानंतर दर खेपेला काकू काहीतरी दाखवू लागल्या. गोणीला ठिगळ आहे आणि त्याला धावदोरा घातलाय. गाढव चढावर दमलं की आधी डावा कान पाडतं. एका ओसाड गावात कुणाच्या तरी दारात अर्धवट विणलेली टोपली पडलीय. "कुणीतरी टोपली टाकून गेलं की. कशापायी गेलं असंल?" असं त्यांनी इतक्या कळवळून विचारलं, की शेजारच्या खुर्चीतले निवृत्त कंडक्टर दोन दिवस त्यावर विचार करत होते. एकदा म्हणाले, "पाणी आटलं असंल." काकूंनी लगेच बाईला मागं नेऊन गावातली विहीर शोधली. विहीर खरंच कोरडी होती. कंडक्टरांची मान अशी ताठ झाली, जणू ती विहीर त्यांच्याच हद्दीत होती.

सूचना सगळ्या इंग्रजीत. काकूंना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. मी मराठीत सांगू का विचारलं तर म्हणाल्या, "नको. वाचता येत न्हाय तेच बरंय. कोण घाई करत न्हाय मला."

मला धास्ती होती ती लांडग्यांची. खिंडीत लांडगे येतात, तिथं बाण मारायचा असतो. काकूंना बाणाचं बटणच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी मुद्दाम शेजारी उभा राहिलो. तीन लांडगे उतारावरून आले. काकूंनी अंगठा उचलला आणि टॅब मांडीवर ठेवला. काहीच केलं नाही.

"काकू, मारा! खातील गाढवाला!"

"गप. जनावर हाय. हललं तर अंगावर येतंय."

पडद्यावरची बाई उभीच राहिली. गाढवही. लांडगे जवळ आले, वास घेतला आणि बाजूनं निघून गेले. शेवटचा तर वळून एकदा बघूनही गेला.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी पहिल्यापासून खेळ सुरू केला. खिंडीत गेलो, हात बाजूला ठेवला. लांडगे निघून गेले. पहिल्या खेपेला मी तिघांनाही मारलं होतं आणि त्याचं मला शाबासकीचं चिन्हसुद्धा मिळालं होतं. वीस वर्षं खेळत होतो मी, पण असं थांबून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

काकूंच्या पलीकडच्या खुर्चीत एक चाचा असायचे. चादरींचे व्यापारी, सत्तरीचे. तोंड भिंतीकडे करून पडायचे. एका शुक्रवारी सुया काढताना मला म्हणाले, "बस हुआ बेटा. सोमवारपासून नाही येणार. मेरेकू नक्को अब."

न येण्याचा अर्थ त्यांना माहीत होता. मलाही होता. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. ते मान हलवत निघून गेले.

सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी. काकूंची बाई त्या दिवशी वाळूच्या शेवटच्या टेकडीखाली पोहोचली होती. लाटांचा आवाज यायला लागला होता. टेकडी चढली की समुद्र.

काकूंनी अंगठा उचलला. "चाचांना येऊ दे," म्हणाल्या.

चार तास त्यांनी त्या बाईला तिथंच उभं ठेवलं. पडद्यावर दोनदा ऊन कललं आणि दोनदा उजाडलं. कंडक्टर कासावीस झाले. "चढा की वो काकू! चार पावलं राहिली." काकू जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मला म्हणाल्या, "लाव त्यांना फोन."

चाचांच्या सुनेनं उचलला. दम लागतोय, पाय सुजलेत, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत, असं ती रडत सांगत होती. काकूंनी फोन मागून घेतला.

"चाचा, मी करकंबची. शेजारच्या खुर्चीतली. समुद्राचा आवाज यायलाय. एकटीनं चढायला बरं वाटंना. बुधवारी या की."

धापा टाकत चाचा म्हणाले, "खेल है वो, बहन."

"व्हय की. म्हणून तर थांबता आलं. खरं असतं तर कुणी थांबू दिलं असतं का?"

बुधवारी चाचा आले. सुनेचा हात धरून, मधे तीनदा थांबत. त्यांना मशीनवर घेतलं, श्वास जरा सावरला, तसा काकूंनी टॅब माझ्याकडे दिला आणि त्यांचा अंगठा पोहोचेल आणि सगळ्यांना दिसेल असा ट्रॉलीवर ठेवायला लावला. अंगठा पुसला. बाई टेकडी चढली.

मी तो समुद्र आधी पाहिला होता. मला वाटलं होतं, पाहिला होता. त्या दिवशी मात्र मी ट्रॉलीजवळ वाकून बघितलं. निळा नव्हताच तो. सकाळच्या उन्हात पांढरा, मग करडा, आणि लांबवर कुठंतरी हिरवट. गाढवानं दोन्ही कान उभे केले. काकूंनी पदर तोंडावर धरलेला, डोळे मोठे.

मूत्रपिंडं थकलेली, म्हणून या खोलीतल्या सगळ्यांना पाणी मोजून मिळतं. दिवसाला काही पेले, बस. कंडक्टर हसायला लागले. "आमाला तांब्याभर प्यायची चोरी, आन हितं बघा!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

चाचा कुशीवर वळले होते. "कितना पानी," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "कितना पानी है, बहन."

त्याच आठवड्यात काकूंची नावनोंदणी पंढरपूरच्या नव्या केंद्रात झाली. करकंबपासून जवळ, एवढा प्रवास वाचणार. शुक्रवार त्यांचा आमच्याकडचा शेवटचा. गोण्या भरून झाल्या, खेळ संपला आणि काळ्या पडद्यावर अक्षरं वर सरकू लागली.

"हे काय?"

"बनवणाऱ्यांची नावं, काकू. हे कुणी बघत नाही. बंद करा."

"वाच," काकू म्हणाल्या.

मी वाचू लागलो. कुठल्या कुठल्या देशांतली नावं, निम्मी माझ्या जिभेवर वळेनात. काकूंच्या सुया निघाल्या होत्या, डाव्या हातावर पट्टी दाबलेली. त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. प्रत्येक नावाला मान किंचित झुकवत होत्या.

"ह्यातलं घागरा कुणी केला?"

"ते नाही कळत, काकू."

"मग सगळी वाच."

"तुमची एस.टी. जाईल."

"जाऊ दे. दुसरी येती."

मी सगळी वाचली. घसा कोरडा पडला. चाचा आणि कंडक्टर ऐकत होते. शेवटचं नाव गेल्यावर काकूंनी मोकळा हात कपाळाला लावला, पिशवी उचलली, चाचांना "येते" म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

चाचा आजही येतात. वेळेच्या आधी.

काकूंचे फोन पाच-सहा महिने येत राहिले. नवा खेळ मीच सुचवला होता, एका बेटावर बाग करायचा. "काय झालं का पुढं?" मी विचारायचो. "काय न्हाय. एक झाड लावलंय. तेच बघत बसलेय. लई सावकाश वाढतंय, पर वाढतंय." मग एका दुपारी त्यांच्याच नंबरवरून मुलीचा आवाज आला. हृदय थांबलं म्हणाली. घरीच, शिलाई मशीनशेजारच्या पलंगावर.

मी तो बागेचा खेळ आता घेतलाय. पहिल्याच दिवशी झाड लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण येतं, दाबलं की महिने सरतात आणि झाड एकदम मोठं होतं.

तीन आठवडे झाले. त्याला आता चौथं पान येतंय.