परवा आलेली चक्कर

हैदराबादेत चढायला हिमालय कुठून आणायचा? म्हणून आम्ही हिमायतनगरातल्या एका उंच इमारतीचे जिने चढायचो, पाठीवर तांदळाच्या पिशव्यांनी भरलेल्या सॅक घेऊन. जायचं होतं बर्फाच्या शिखरावर आणि सराव मात्र लोकांच्या चपलांच्या रॅकशेजारून. तिथल्या बायका विचारायच्या, लिफ्ट बंद पडली का? मला तर सकाळी डोळे उघडल्यापासूनच आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

चमूत आम्ही सहा जण होतो. शेवटच्या चढाईला चौघंच जाणार, बाकीचे खाली तळावर थांबणार. मला त्या चौघांत असायचंच होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं.

बरोबर येणारे डॉक्टर पुण्याचे, नोकरीसाठी नुकतेच इकडे आलेले. तपासणीच्या दिवशी मी मराठी निघाले म्हणून ते भारीच खूश झाले. कधी चक्कर वगैरे आली होती का, त्यांनी विचारलं. मी बरकतपुऱ्यात वाढलेली, खोटं बोलायची सवय नाही आणि जीभ पक्की हैदराबादी. मी म्हणाले, "आली होती ना, परवा एकदा."

त्यांचा चेहराच उतरला. बाहेर जाऊन त्यांनी आमच्या लीडरला सांगितलं, हिला वर नेता येणार नाही. मला ते दारातून ऐकू आलं. असा संताप आला की रडूच फुटलं. लीडर जुन्या शहरातला. आत येऊन त्याने एवढंच विचारलं, "परसों बोले तो कब?"

"कॉलेज में थी तब. उपास था मेरा."

तो पोट धरून हसला. मग त्यानेच डॉक्टरांना समजावलं, की आमच्याकडे परसों म्हणजे काल सोडून मागचा कुठलाही दिवस. आजोबांचं लग्नसुद्धा परसोंच झालेलं असतं. इथले मराठी लोक त्याचंच परवा करतात. डॉक्टर काही हसले नाहीत. त्यांनी मला सॅकसकट पुन्हा जिने चढायला लावले आणि स्वतः मागून आले. गच्चीवर मी नाडी दाखवायला हात पुढे केला, तर आधी त्यांनाच कठड्याला टेकावं लागलं.

दम खाऊन त्यांनी नाडी मोजली, मग पुन्हा एकदा मोजली. माझा जीव टांगणीला.

"हे बघ," ते शेवटी म्हणाले, "वर गेल्यावर काही झालं, तर परवा म्हणायचं नाही. वार सांगायचा, वेळ सांगायची."

त्यातलं मला फक्त 'वर गेल्यावर' ऐकू आलं.