बैलाचं पुस्तक

मार्गशीर्षातली थंडी होती. पद्मतीर्थाच्या तळ्यावर धुकं असं बसलं होतं, की पलीकडच्या काठावर धुणं आपटल्याचा नुसता आवाज यायचा, बाया दिसायच्या नाहीत. रंगूबाईला असली हवा आवडत नसे. धुक्यात माणूस दिसत नाही, आणि न दिसणारा माणूस काय करून राह्यला हे कोणी सांगावं?

वाशीमच्या वाचनालयाचं कुलूप तिनं काढलं. आत जायच्या आधी नेहमीप्रमाणे दारातच उभी राहून वास घेतला. कागदाचा, कडुलिंबाचा, रात्रीच्या उंदराचा. चौथा, माणसाचा, वास नाही अशी खात्री झाल्यावर पदर खोचला आणि झाडू घेतला. मग रांजण भरला. मग कपाटं उघडून पुस्तकांमागचा सुकलेला पाला काढला आणि ताजा पाला टाकला. पाल्यानं कसर लागत नाही. माणसाला मात्र पाला चालत नाही, माणसावर नजरच ठेवावी लागते, असं ती म्हणायची.

वाचनालय तिच्याही आधीचं, साठ-सत्तर वर्षांचं. सागवानी कपाटं, काचा पिवळ्या पडलेल्या. तिचा नवरा जगदेव इथला शिपाई होता. तो गेला आणि किल्ल्यांचा जुडगा त्याच्या करदोट्यावरून तिच्या कमरेला आला. "तात्पुरतं," असं पंच मंडळी म्हणाली होती. त्याला अकरा वर्षं झाली. तात्पुरतं हा शब्द रंगूबाईच्या मनात घुशीसारखा बसलेला होता, कधी उकरेल नेम नाही.

तिला वाचता येत नव्हतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं, कारण कोणतं पुस्तक कुठं आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. गुराखी जशी गावाची गुरं ओळखतो तशी ती पुस्तकं ओळखायची. लाल पाठीचं, कोपरा उंदरानं खाल्लेलं. हिरवं, पोट फुगलेलं. कातडी पाठीचं, तपकिरी, ज्याच्या पुठ्ठ्यावर कोणाच्या तरी चहाच्या कपाचं वर्तुळ आहे ते. सगळं अंगावरून. आत काय आहे ते पाहायची तिला कधी गरज पडली नाही. आत पाहणं हे वाचणाऱ्याचं काम.

आणि वाचणाऱ्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. एक जण वर्तमानपत्रातली जाहिरात नखानं कापतो. एक जण भुईमुगाच्या शेंगा खाऊन तेलकट बोटं पानांना पुसतो. त्याचे तर ती दारातच हात हुंगायची. "शिकेल माणूस चोरी करते तं दिसत नाई, अडाण्याची लगेच दिसते," असं ती रामकिसन मास्तरांना तोंडावर सांगायची. मास्तर म्हणजे वाचनालयाचे ग्रंथपाल, शाळेतून निवृत्त झालेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. ते हसायचे आणि "खरं हाय, रंगूबाई" म्हणायचे. त्यांच्या हसण्यावरही तिचा विश्वास नव्हता.

रोज सकाळी आठला मास्तर ओसरीवर वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून मोठ्यानं वाचायचे. गाडीवाले, हमाल, भाजी विकून मोकळे झालेले शेतकरी असे पंधरा-वीस जण घोंगड्या पांघरून बसायचे. नोव्हेंबरात राज्य बदललं तेव्हापासून गर्दी वाढली होती. नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे रोज थोडं थोडं ऐकून समजेल अशी लोकांना आशा होती.

त्या गर्दीला ओलांडून रोज एक माणूस थेट आत जायचा. हेमसिंग. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा बंजारा, कापसाच्या हंगामापुरता वाशीमच्या जिनिंगात रातपाळीला आलेला. डोक्यात, भुवयांत सरकी-कापसाचे तंतू, खांद्याला झोळी. पहिल्या दिवशी त्यानं कपाटाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "मावशी, अथी जनावराचं बुक हाय का? दवापाण्याचं?"

रंगूबाईनं तपकिरी पाठीचं काढून दिलं. जनावरांच्या रोगांचं होतं ते. कुणी मागितलं तर हेच द्यायचं, असं जगदेवनं तिच्याकडून घोकवून घेतलं होतं.

त्यानं ते उघडलं आणि एका पानावर तासभर बसला. पान काही उलटेना. ओठही हलेनात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"मास्तर, हा वाचून नाई राह्यला," ती म्हणाली.

"मंग काय करून राह्यला?"

"तेच तं पाह्यतो मी."

पण मधेच शिरपूरला तिच्या लेकीचं बाळंतपण निघालं. आठ दिवस जावं लागलं. किल्ल्या मास्तरांकडे देताना तिनं एकेक किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली, जशी काही लेकरंच सोपवत होती.

परत आली ती थेट कपाटाशी गेली. नवीन निळ्या कापडाची सहा-सात जाड पुस्तकं उभी होती. नवी खरेदी असेल, बरं झालं. बिनपुठ्ठ्याची काही चोपडी दिसत नव्हती, पण त्यांची तिनं कधी गणतीच धरली नव्हती. तिची नजर पुढं सरकली आणि थांबली. खालून दुसऱ्या फळीवर, लाल आणि हिरव्याच्या मधे, जिथं तपकिरी असायचं तिथं पाल्याच्या काड्या होत्या.

सगळी कपाटं तिनं पालथी घातली. तपकिरी पाठ नव्हती.

मास्तरांना सांगावं का? तीन दिवसांवर वर्षाची मोजदाद होती. पुस्तक गेलं तर पहिली नजर किल्लीवालीवर. वाचनालयाचे चिटणीस उकंडराव पाटील आधीच तिच्या जागी आपल्या भाच्याला लावायला टपलेले. ती गप्प बसली आणि हेमसिंगवर डोळा ठेवला.

त्यानं आता चालच बदलली होती. तपकिरी मागतच नव्हता! मागेल कसा, घरी असताना? रोज नवं पुस्तक काढायचा, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत भराभर पानं चाळायचा, परत ठेवायचा, दुसरं काढायचा. लाल झालं, हिरवं झालं. गुरांच्या बाजारात दलाल एकेका बैलाच्या तोंडात बोट घालत जातो तसं. पुढचं कोणतं न्यायचं ते हा हेरून राह्यला, रंगूबाईनं ताडलं.

मोजदादीच्या आदल्या सकाळी तो एका निळ्या पुस्तकाशी थांबला. बराच वेळ बसला. खिशातून काही काढलं, परत घातलं. आणि निघताना हसला. स्वतःशीच.

ते हसणं रंगूबाईला सहन झालं नाही. झाडू आडवा धरून ती दारात उभी राहिली.

"झोळी उघड."

ओसरीवर मास्तरांचं वाचन थांबलं. उकंडरावही नेमके त्या दिवशी आलेले, पुढंच खुर्ची टाकून बसले होते.

"काहून, मावशी?" हेमसिंग म्हणाला.

"काहून म्हंते वरून! उघड म्हन्लं तं उघड. बैलाचं पुस्तक कोठी हाय?"

"अथीच तं हाय."

"अथी नाई! तीन दिवस झाले, मी पाह्यतो. तूच नेलं."

गाडीवाले उठून उभे राहिले. कुणी तरी म्हणालं, "तांड्यावरचा हाय ना, मंग झालं!" हेमसिंगनं त्या माणसाकडे पाहिलं, मग रंगूबाईकडे. झोळी खांद्यावरून काढली आणि पायरीवर उपडी केली. अर्धी भाकर, मिरची, चिलीम, एक फाटकं धोतर आणि चार घड्या घातलेला एक कागद.

उकंडरावांनी कागद उचलून उलगडला. त्यावर बैल होता. पायांवर, खांद्यावर, पाठीवर बारीक बारीक ठिपके.

"घ्या! पानच फाडलं लेकानं!" उकंडराव ओरडले. "पुस्तकही गेलं, अन् मोजदाद उद्या. रंगूबाई, किल्ली कोणाजवळ होती? म्या पहिलेच म्हन्लं होतं का नाई, अडाणी बाईच्या हाती एवढा खजिना देऊ नोका!"

रंगूबाईचा हात आपोआप कमरेच्या जुडग्यावर गेला. तात्पुरतं. घूस उकरायला लागली होती.

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चाचपला. "उकंडराव, हा छापील नाई. साखरेच्या पुड्याचा कागद हाय. कोळशानं काढलं हे."

"मंग पुस्तक कोठी हाय?"

हेमसिंग आत गेला. रंगूबाई मागोमाग धावली, तोवर त्यानं ते निळं पुस्तक काढलंही होतं. बाहेर येऊन त्यानं ते मधोमध उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. पानावर तोच बैल होता, तेच ठिपके.

"हे घे तुहं पुस्तक."

"हे... हे तं निळं हाय."

"साल निळी हाय, मावशी. पोळ्याले बैलावर झूल टाकली तं काय बैल बदलते? मले बी आठ दिवस गावलं नाई. एकेक बुक उघडून पाह्यलं, तवा आज गावलं."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. खेमा! रंगूबाई नसताना पुस्तकं बांधणारा खेमा जिल्दगर चार दिवस ओसरीवर बसून गेला होता. बारीक बारीक एकात शिव, असं मास्तरांनीच त्याला सांगितलं होतं. त्यानं पाच-पाच चोपडी एकत्र शिवली, वर निळं कापड चढवलं, जुने पुठ्ठे, कातडी पाठी सोलून टाकल्या. कोणतं कशात गेलं हे त्यांच्या अधू डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

"अन् हे ठिपके कायचे?" एका गाडीवानानं विचारलं.

"डाग द्यायच्या जागा." हेमसिंग खाली बसून भाकर झोळीत भरत होता. "पाय मुरगळला, खांदा आला, तं तथी तापल्या सळईचा डाग देतेत. माहा बापू देत होता. अख्खा मुलुख बैल घेऊन येये त्याच्याकडे. मले शिकवाच्या आधीच गेला. लोकं अजून बी दारात बैल आणतेत, अन् मी वापस धाडतो." त्यानं कागदासाठी हात पुढं केला. मास्तरांनी तो नीट घडी घालून दिला.

उकंडराव खाकरले. "ते सारं ठीक हाय. पण जिले पुस्तक उघडून पाह्याचं समजत नाई, ते बाई..."

"पाटील," मास्तर म्हणाले, "पुस्तक जाग्यावर नाई, हे कोणाच्या ध्यानात आलं? माह्या नाई. तुमच्या नाई. तुमी तं चार वर्सांत त्या कपाटापाशी गेलेच नाई."

ओसरीवर कोणी तरी फिसकन हसलं. उकंडरावांनी खुर्ची सरकवली, "वाचा आता पुढचं," म्हणाले. किल्ल्या कमरेलाच राहिल्या.

हेमसिंग मात्र गेला होता. दुसऱ्या दिवशी मोजदाद झाली, पुस्तकं पुरी भरली, तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रंगूबाई झाडताना दाराकडे पाहत होती. गेला असंल वापस तांड्यावर, ती मनात म्हणाली. मग, गेला तं गेला. मग, एवढ्यात हंगाम कुठं सरला? संध्याकाळी दार लोटून घेऊन तिनं निळं पुस्तक काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ती वाचनालयातलं एक पुस्तक उघडत होती. कितीतरी पानं नुसत्या मुंग्यांची. मग बैल आला. तिनं त्या पानात कडुलिंबाच्या पाल्याचा एक झुबका खूण म्हणून ठेवला.

चौथ्या दिवशी धुक्यातून तो आला. केसांत कापूस, खांद्याला झोळी.

"पुस्तक," तो म्हणाला. मावशी म्हणाला नाही.

तिनं दिलं. झुबक्यावर ते आपोआप उघडलं. त्यानं झुबक्याकडे पाहिलं, तो बाजूला ठेवला आणि कोळसा काढून ठिपके ताडून पाहू लागला. रंगूबाई पाला निवडत जवळच बसली. हात कोळशानं काळे आहेत, पानाला लागतील, एवढंच पाहण्यासाठी बसली आहे असं तिनं स्वतःला सांगितलं.

तासाभरानं तो उठला. पुस्तक जागेवर ठेवलं, निळ्याच्या रांगेत, नेमकं. दारात येऊन तिच्यासमोर थांबला, झोळी काढली आणि तोंड फाकवून धरली.

"पाहून घे."

"नोको," रंगूबाई म्हणाली.

"पाहून घे. नाई तं उद्या पुन्हा म्हनशीन."

"म्या नाई म्हन्लं ना!"

तो तसाच उभा राहिला. भाकर, मिरची, चिलीम, घडीचा कागद. ओसरीवरचे लोक पाहत होते. तिनं पाहिलं, कारण न पाहता तो हलणार नव्हता. मग त्यानं झोळी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरला. त्या हंगामात तो रोज आला, आणि रोज जाताना तसंच केलं.

"माणूस लय आकडू हाय," ती मास्तरांना म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. वर्तमानपत्र उलगडत बसले.

पायरीवर त्याच्या डोक्यातला कापसाचा एक तंतू पडला होता. रंगूबाईनं तो चिमटीत उचलून बाहेर टाकला, रांजणाचं झाकण काढून पाहिलं. पाणी तळाला गेलं होतं. तिनं घागर कमरेवर घेतली, किल्ल्या जागेवर आहेत की नाहीत ते चाचपलं आणि तळ्याच्या वाटेला लागली.