दाबलं की थांबायचं

आमच्या पठारावर ऑटोमॅटिक गाडी म्हणजे पाय अधू झालेल्याची गाडी. धडधाकट माणसाने क्लच दाबावा, गिअर टाकावा, चढावर इंजिनाची कुरकुर ऐकावी. माझ्या शेजारणीने, रोझ्‌विटाने, जन्मभर हेच केलं. आणि मी तिच्या बाजूला बसून जन्मभर तिला शिकवलं, म्हणजे उगाच बडबडले. मला स्वतःला गाडी येत नाही.

यंदा तिची जुनी गाडी तपासणीत नापास झाली. मुलाने, एकार्टने, श्टुटगार्टहून नवी आणून दारात उभी केली. टर्बो, वर ऑटोमॅटिक. रोझ्‌विटाने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं हिल्डे, एक पेडल चोरीला गेलंय."

हसले मी, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा ओटमार अर्धांगाचा झटका आल्यापासून खालच्या गावातल्या शुश्रूषागृहात असतो. दुपारचं जेवण तो तिच्याच हातून घेतो. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून बसतो. आमच्याकडची बस शाळेपुरती, सुट्टी लागली की तीही बंद. गाडी गेली की ओटमारचं जेवण गेलं, इतकं सरळ होतं.

गाडी मात्र सरळ नव्हती. उतार संपला की हमरस्त्याला लागायचं, तिथे ट्रकमागून ट्रक. फट दिसली की रोझ्‌विटा पेडल दाबायची. काही नाही! गाडी थांबताच मेलं इंजिन आपोआप बंद होऊन बसलेलं, ते आधी जागं होणार. ती पुन्हा दाबायची, जोरात. तरी ढिम्म. तिसऱ्यांदा दाबलं की गाडी अशी उसळायची की माझं पोट मागच्या सीटवर. मग घाबरून हिचा डावा पाय क्लच शोधायचा, त्याला सापडायचा ब्रेक, आणि आम्ही दोघी भर रस्त्यात काचेवर नाक आपटून. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

"दाबलंस की नाही?"

"दाबलं!"

"मग जात का नाही?"

"मला काय विचारतेस? तिला विचार!"

शेवटी एकार्टला फोन लावला. तो म्हणाला, "आई, इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो ना, त्यावर एक छोटा पंखा फिरतो. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, मग जोर येतो. पंख्याला वेग घ्यायला वेळ लागतो. शिवाय गिअर कुठला टाकायचा तेही गाडीच ठरवते."

"म्हणजे जोर यायला धूर हवा, आणि धूर यायला जोर हवा?"

"हो. साधारण तसंच."

"मग सुरुवात कोण करतं?"

ते सोडून एकार्ट म्हणाला, "रविवारी येतो. शेजारी बसून बघतो. जमत नसेल तर किल्ली घेऊन जाईन, आई. तुला काही झालं तर मी काय करू?" तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर मला जास्त राग आला. बापाला भेटायला ईस्टरपासून फिरकला नव्हता. 'ते मला ओळखतच नाहीत,' म्हणे.

शनिवारी आम्ही फुटबॉलच्या मैदानामागच्या मोकळ्या जागेत गेलो. "दाब! अगं दाब!" मी ओरडले, तिने दाबलं, आणि कचऱ्याचे डबे आमच्या अंगावर धावून आले. थोडक्यात वाचलो. मी चिडून तोंड फिरवून बसले. माझी टकळी थांबली तेव्हा तिने पेडल हलकेच दाबलं आणि पाय तसाच धरला. बराच वेळ काही नाही. मग गाडी निघाली, अगदी अलगद.

"अगं बाई!" रोझ्‌विटा म्हणाली. "ही तर आमच्या ओटमारसारखी! त्यालाही सूप हवं का म्हणून दोनदा विचारलं की सगळा घोळ होतो. एकदा विचारायचं आणि चमचा धरून थांबायचं."

पंख्याचं काय ते मला अजून कळलेलं नाही. तिलाही नाही.

रविवारी एकार्ट पुढे बसला, मी मागे. हमरस्ता आला, दोन ट्रकांमध्ये फट दिसली.

"आई, दाब! अजून दाब!"

"तोंड मीट. दाबलंय मी. आता तिची पाळी."

गाडी क्षणभर गप्प राहिली, मग निघाली आणि रांगेत जाऊन बसली. एकार्टने दाराची मूठ सोडली. किल्लीचं नाव काढलं नाही.

रोझ्‌विटाने गाडी थेट शुश्रूषागृहापाशी लावली. तो म्हणाला, "मी इथेच बसतो."

"उतर."

ओटमार खिडकीशी खुर्चीत होता. एकार्ट वाकला आणि कपाळावर आलेले लांब केस मागे सारत म्हणाला, "बाबा, ओळखलंत का मला?" ओटमार नुसता बघत राहिला. "बाबा, मी एकार्ट. बाबा, ओळख—"

रोझ्‌विटाने त्याचं मनगट धरलं. "एकदा विचारलंस ना? बास."

आम्ही उभे राहिलो. पोराचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो दाराकडे वळू लागला, पण आईने मनगट काही सोडलं नाही. माझ्याही जिभेवर शब्द आले होते, मी ते कसेबसे गिळले.

ओटमारचे ओठ हलले.

"एकार्ट," तो म्हणाला. "केस काप."

एकार्ट खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "हो बाबा," म्हणाला, "उद्याच कापतो."