तीन वाजता उठव

"ह्याच्यातला कोणता हो? तो झोपेत चालून राह्यला, तो?"

जालन्याच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या मागं उभ्या असलेल्या एका माणसानं विचारलं. दुसरा म्हणाला, "तोच. हातात स्टिक येऊ द्या, मंग बघा. वारं हाय, वारं."

झोपेत चालणारा तो माझा धाकटा भाऊ होता. तीन महिन्यांपूर्वी हैदराबादच्या एका मोठ्या हॉकी टीमनं त्याला घेतलं होतं. त्या टीममध्ये खेळण्याचा पगार मिळे. कागदावर सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीत कारकून असत, पण कचेरीत कुणी बसत नसे. काम एकच, खेळायचं. आमच्या गावातून तिथवर कुणी गेलं नव्हतं. छावणीच्या मैदानावर अनवाणी खेळून शिकलेला सतरा वर्षांचा मुलगा, आणि त्याचं नाव राजधानीच्या उर्दू पेपरात छापून आलं होतं. ते कात्रण वडिलांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे. भेटेल त्याला उलगडून दाखवून त्याच्या घड्या विरल्या होत्या.

टीम औरंगाबादला सामन्यांसाठी चालली होती. वडील ज्या जिनिंग फॅक्टरीत कारकून होते, तिथल्या शेठजींनी खटपट करून टीमला एका दिवसासाठी जालन्यात उतरवून घेतलं. दुपारी चारला छावणीवर गावच्या टीमशी मॅच. शामियाना, तहसीलदारांसाठी खुर्च्या, बँड, सगळं शेठजींकडून. धावपळ मात्र वडिलांची. आठवडाभर ते घरी फक्त जेवायला येत. त्या सकाळी स्टेशनवर उभे होते तेही एका पायावर भार देऊन, मधूनच पाय बदलत.

मी तिथं होते ती इंग्रजीसाठी. टीमचे मॅनेजर विलायतेहून येऊन वर्षही झालं नव्हतं. हिंदुस्थानीतले त्यांना दोनच शब्द येत, 'जल्दी' आणि 'शाबाश'. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली. शाळेत उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे, हे वडिलांना माहीत नव्हतं. किंवा माहीत असूनही त्यांचं काही अडत नव्हतं.

"साहेबांना सांग बाई, आज आमच्या गावाचं भाग्य उघडलं. पिढ्यान् पिढ्या लोक नाव काढतील म्हणावं."

मी साहेबांना म्हणाले, आपण आलात याचा वडिलांना आनंद झाला आहे.

वडिलांच्या मोठ्या वाक्याचं माझ्या तोंडून असं लहान वाक्य होई. कागदावर, वडिलांची इंग्रजी पत्रं लिहिताना, मात्र उलट होत असे. तिथं कुणी माझ्याकडे बघत नसे, आणि शाळेत घोटून घेतलेली पत्रांची भाषा आपोआप उतरत जाई.

भाऊ जवळ आला, वडिलांच्या पाया पडला. वाकला तो लवकर उठलाच नाही. वडिलांना वाटलं, पोराला गहिवरून आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अगदी शेजारी होते. त्याला उठताना गुडघा धरावा लागला होता, एवढंच.

साहेबांनी त्याला दुपारपर्यंत घरी जायची परवानगी दिली. मीच ती मागितली, वडिलांच्या वतीनं. आमचं घर स्टेशनपासून लांब नव्हतं, पण टांग्यात बसल्याबरोबर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं.

"आक्का," तो डोळे न उघडता म्हणाला, "परवा नांदेड, काल परभणी. त्याच्या आधी तिकडं सकाळी कचेरीच्या टीमकून, दुपारी मोठ्या टीमकून. दोन्हीकडं मीच."

"सांगायचं नाही का साहेबांना?"

"कच्चा हाय मी अजून. पक्कं करायचं का न्हाई ते औरंगाबादहून परत गेल्यावर ठरवणार हायेत." थोड्या वेळानं तो हसला. "कालपासून चेंडू दोन दिसून राह्यले मला."

"म्हणजे?"

"दोन म्हणजे दोन. मी दोन्हीला मारतो. एक तर लागतोच."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. त्यानं माझा हात बाजूला केला. "दादांना सांगू नको. बिलकुल न्हाई. शेठजींचा एवढा खर्चा झाला." वडिलांना आम्ही दादा म्हणत असू.

घरी आईनं पाट मांडून ठेवला होता. तो भाकरीचे दोन घास खाऊन तिसरा हातात धरून बसून राहिला. आई म्हणाली, "खा ना रे," आणि मग तिच्या लक्षात आलं की तो झोपला आहे. तिनं त्याच्या हातातला घास काढून घेतला, तो लहान असताना काढून घ्यायची तसा. त्याला खाटेवर आडवं केलं. पायमोजे काढायला गेली तर एक निघेना. टाचेला लोकर चिकटली होती. तिनं कोमट पाणी घालून घालून ती सोडवली.

तेवढ्यात त्याला जाग आली. आईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "तीन वाजता उठव. नक्की. आक्का, नक्की."

मी म्हणाले, "उठवीन."

वडील बारापर्यंत मैदानावर होते. चुन्याच्या रेषा मारून झाल्या की नाही ते बघून घरी आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं, ताप आहे. त्याचं नाव घेतलं नाही. माझं मीच पाहिलं असं सांगितलं. वडील खाटेजवळ गेले, वाकून बघितलं, हात लावला.

"प्रवासाची गर्मी हाय ती. आगीणगाडीत दिवसभर बसलं की होतंच. घंटाभर झोपला की बराबर होईल."

हात त्यांनी लगेच उचलला नाही, हेही मी बघितलं. मग ते स्वतः भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "मीबी जरा टेकतो," पण टेकले नाहीत. फॅक्टरीतून माणूस बोलवायला आला होता.

दीडच्या सुमारास केदारखेड्याहून मामा आले. बैलगाडीत बायकापोरं, शेजारीपाजारी. "पहाटंच निघाल्तो," मामा अंगणातूनच ओरडले. "भाचा कुठाय? सारा गाव म्हनून राह्यला, तुमच्या भाच्यानं साहेबांना पळवलं म्हने!"

"हळू बोला मामा, झोपलाय तो."

"झोपलाय? आम्ही हाडं खिळखिळी करून आलो, अन् भाचा घोरून राह्यला?" मग माझ्याकडे बघून, "अन् ह्या मास्तरणीचं काय? हिच्या लग्नात भटजीबी विलायतेहूनच आणावा लागतो का काय!"

बायका हसल्या. मी पाण्याचे तांबे भरत राहिले. मामांची थोरली मुलगी खोलीच्या दारातून डोकावून आली आणि आईच्या कानात काहीतरी बोलली. आई म्हणाली, "व्हय. टाच फाटलीय त्याची."

तीन वाजले. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके सगळ्यांनी ऐकले, कारण सगळे त्याचीच वाट बघत होते. मी खोलीत गेले. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, पाय खाटेबाहेर. तोंड उघडं. त्याला असं झोपलेलं मी तो शाळेत जायला लागल्यापासून बघितलं नव्हतं. एरवी तो झोपेतही पाय हलवी. मी खाली बसले. उठवायचं म्हणून हात पुढं केला आणि परत घेतला. मग पुन्हा पुढं केला. त्यानं माझ्याकडून शब्द घेतला होता, आणि त्याची नोकरी त्याची होती, माझी नव्हती. हे मला कळत होतं. त्याला उठवलं तर तो उठला असता, पायाला चिंधी बांधून गेला असता, दोन चेंडूंच्या मागं धावला असता. गावच्या टीमचा फुलबॅक जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा माणूस होता. तो चेंडूला मारी तेव्हा बाजूची माणसं सरकून उभी राहत.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आईनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं सूप ओढून तांदूळ निवडायला घेतले.

साडेतीनला शेठजींची मोटार दारात आली. पुढं वडील, मागं शेठजी आणि साहेब. अंगण भरून गेलं. शेठजींनी मोटारीतून उतरता उतरता हाक मारली, "बाबूजी, छोरा कुठे? तहसीलदारसाब येऊन बसले. जल्दी करा!"

साहेबांना तो शब्द ओळखीचा होता. ते हसले आणि म्हणाले, "जल्दी, जल्दी." अंगणातली पोरंही ओरडायला लागली, जल्दी जल्दी.

वडील माझ्याजवळ आले. त्यांच्या कपाळावर शेंदूर-गुलालाचं काहीतरी लागलं होतं, मैदानावर पूजा झाली असावी. "उठला ना? कपडे करून राह्यला? साहेबांना सांग, पाच मिनिटांत येतो म्हणून."

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे, वाक्य येईपर्यंत थांबून.

मी इंग्रजीत म्हणाले, तो आज खेळणार नाही.

साहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी मान पुढं केली. मी पुन्हा तेच म्हणाले. त्याला ताप आहे, टाच फाटली आहे, आणि त्याला एका चेंडूचे दोन दिसतात.

"हे त्यानं तुम्हाला माझ्याशी बोलायला सांगितलं?"

"नाही. त्यानं मला तीन वाजता उठवायला सांगितलं होतं. मी उठवलं नाही."

साहेब म्हणाले, तुमच्या वडिलांनी तर मला लिहिलं होतं की मुलगा कुठल्याही वेळी, कितीही सामन्यांसाठी संपूर्णपणे आपल्या आज्ञेत आहे. हेच शब्द. ते पत्र माझ्या लक्षात आहे, फार चांगलं लिहिलं होतं.

वडिलांनी ते सांगितलं नव्हतं. वडील म्हणाले होते, पोराला बराबर खेळवा, मेहनती आहे. बाकीचं मी घातलं होतं. वाक्य भरल्यासारखं वाटावं म्हणून. जुळलं तेव्हा मला बरंही वाटलं होतं.

"ते मी लिहिलं," मी म्हणाले. "वडिलांना इंग्रजी येत नाही."

"त्याची नेमणूक अजून पक्की नाही, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मी वचन देऊ शकत नाही."

"मी मागितलं नाही," मी म्हणाले. हे जरा उद्धट झालं असावं. त्यांचं नाक उन्हानं सोललेलं होतं, ते आणखी लाल झालं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि बंद दाराकडे बघत राहिले. तेही दमलेले होते. त्यांच्या बुटांवर नांदेड-परभणीची धूळ अजून तशीच होती.

आता अंगणातला आवाज कमी झाला होता. आमचं बोलणं कुणाला कळलं नव्हतं, पण पाच मिनिटांत येतो, एवढं सांगायला इतका वेळ लागत नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

"काय म्हणून राह्यले साहेब?" वडिलांनी विचारलं.

शेठजी म्हणाले, "क्या हुआ? काय बात आहे?"

मामा म्हणाले, "अगं बोल की, मास्तरणी."

वडिलांनी खिशाशी हात नेला, जिथं कात्रण असे, आणि तसाच ठेवला. "तू काय सांगितलंस त्यांना?"

इंग्रजीत बोलताना मला आडोसा होता, आता तो नव्हता. आईसुद्धा सुपातून हात काढून माझ्याकडे बघत होती.

"दादा," मी म्हणाले, "तो आज खेळणार नाही, असं सांगितलं. तुमचं म्हणणं नाही सांगितलं. माझं सांगितलं."